एका वेळी एकच चाक

१

“एका वेळी एकच चाक उघडायचं, सूनबाई. दुसरं झाकलेलं राहू दे. इकडची स्प्रिंग कुठे अडकवायची ते विसरलीस, तर तिकडे जाऊन बघता येतं. दोन्ही उघडून बसलीस तर विचारणार कुणाला? देवाला? त्याला ब्रेकमधलं काही कळत नाही.”

मामंजींनी हे सांगितलं त्याला अकरा वर्षं झाली. सून तेव्हा नवी नवरी होती. घरामागच्या गॅरेजात चहा द्यायला म्हणून गेली आणि पाने हातात देत तिथेच उभी राहिली. त्यानंतर तिने ब्रेकचे किती ड्रम उघडले, त्यांना आतून दाबून चाक थांबवणारे किती शू बदलले आणि ड्रम मिटले, याची गणती नाही. पण एका गाडीची दोन चाकं एकदम उघडी पडलेली त्या गॅरेजात तिने कधी पाहिली नाहीत.

तो आवाज आता उरला नव्हता. सोळा दिवसांपूर्वी मामंजींची उजवी बाजू गेली, तिच्याबरोबर बोलणंही गेलं. त्याच दिवशी त्यांची मुलगी गेली होती.

मुलगी म्हणजे सुनेची नणंद. लाँड्रीची व्हॅन चालवायची. रोज सकाळी हॉस्पिटलच्या मागच्या उतारावरून व्हॅन उलटी खाली घ्यायची, माल उतरवायच्या कट्ट्याला लावायची, हँडब्रेक ओढायचा आणि उतरून मागचं दार उघडायचं. गठ्ठे खाली आणणारी मागची लिफ्ट इंजिनावर चालते, त्यामुळे इंजिन चालू ठेवावं लागे आणि गाडी गिअरमध्ये ठेवता येत नसे. सगळा भार हँडब्रेकवर. त्या सकाळी हँडब्रेक ओढलेलाच होता, पण मागच्या चाकांनी ऐकलं नाही. व्हॅन चार फूट मागे आली. चार फुटांवर कट्ट्याची भिंत होती आणि भिंतीच्या अलीकडे वन्सं उभ्या होत्या.

दुपारपर्यंत त्या शुद्धीवर होत्या. सुनेचं मनगट त्यांनी असं धरलं होतं की दोन दिवस वळ राहिला.

“वहिनी, बाबांना बोल लागेल. लागू देऊ नकोस. शब्द दे.”

“दिला, वन्सं.”

“असा नको. नीट दे.”

“दिला.”

आणि बोल लागायला संध्याकाळसुद्धा व्हावी लागली नाही. गाडी तपासणाऱ्याने चाक न काढता, चाकामागच्या भोकातून टॉर्च मारून लिहून टाकलं: ‘मागचे ब्रेक पाच आठवड्यांपूर्वी बदललेले. शू नवे, तरी ड्रमपासून फार दूर. जुळणी ढिली. मिस्त्रीची हलगर्जी.’

मिस्त्री म्हणजे मामंजी.

“मोतीबिंदू झालेला माणूस,” नवरा येणाऱ्या प्रत्येकाला सांगे. “मी म्हणत होतो, बाबा, आता पाना खाली ठेवा. पण नाही. लाडक्या लेकीची गाडी, मीच करणार.”

हे सगळं मामंजींच्या उशाशी बसून चाले. ते ऐकत. डावा हात तेवढा त्यांच्या ताब्यात होता. तो हात उचलून ते एक बोट वर करत. पुन्हा पुन्हा, एकच बोट.

“बघा,” नवरा म्हणे, “एक चूक झाली म्हणतायत.”

पाहुणे चुकचुकत. सून मात्र त्या बोटाच्या मागचे डोळे बघत होती. चूक कबूल करणाऱ्या माणसाचे डोळे इतके रागावलेले नसतात.

२

चौकशी अधिकारी सभ्य होता, फक्त घाईत होता. जप्त केलेल्या गाड्यांच्या अंगणात लाँड्रीची व्हॅन एका कोपऱ्यात उभी होती.

“परवा अकराला मी अहवालावर सही करणार,” तो म्हणाला. “सासऱ्यांचा परवाना जाईल. वय बघता तुरुंग टळेल बहुधा. आणि तुम्ही चाक उघडायला आलात? तुम्ही?”

“तुम्ही जवळ उभे राहा. मी काही नेणार नाही की आणणार नाही.”

तिने पिशवीतून पाना काढला, पदर खोचला आणि डाव्या चाकाशी उकिडवी बसली. पण पाना लावलाच नाही. नुसतीच बघत राहिली.

“अडलं का?” अधिकाऱ्याने विचारलं. त्याच्या आवाजात थोडी थट्टा होती.

“साहेब, हे पिवळे ठिपके बघा. शेवटचा नट आवळून झाला की मामंजी प्रत्येक नटावर रंगाचा ठिपका देतात. अर्धा नटावर, अर्धा त्याच्या बोल्टवर. नट जरासा फिरला तरी ठिपक्याचे दोन तुकडे होतात.”

अधिकारी वाकला. पाचही नटांवरचे अर्धे ठिपके एकीकडे होते आणि उरलेले अर्धे भलतीकडे. उजव्या चाकाचंही तेच. पुढच्या दोन चाकांवरचे ठिपके मात्र गोल होते.

“म्हणजे?”

“मामंजींनी काम संपवल्यावर कुणीतरी मागची चाकं पुन्हा उघडली.”

ती गाडीखाली सरपटली. हँडब्रेकची केबल ओढून धरणारा नट आट्यांच्या अगदी टोकापर्यंत आवळलेला होता, आणि त्याच्यामागचे आटे ताजे चकचकत होते. नवे शू बसवलेल्या गाडीत केबलला हात लावायची गरजच पडत नाही. आत शू ड्रमपासून लांब जातायत हे कुणालातरी कळलं होतं, आणि त्याने आतलं काम सोडून बाहेरून केबल ताणली होती.

मग तिने डावं चाक काढलं आणि ड्रम उतरवला. दोन शूंच्या मध्ये बोटाएवढा दातेरी स्क्रू होता. पदराने पुसून तिने त्यावर कोरलेलं अक्षर वाचलं. पुन्हा पुसलं, पुन्हा वाचलं. तो उजव्या चाकाचा होता.

सवयीने तिने डावा ड्रम पुन्हा झाकला, चाक चढवलं, आणि मगच उजवीकडे गेली. तिथे डाव्याचा स्क्रू होता.

“हा ॲडजस्टर,” ती हळू आवाजात म्हणाली. “गाडी मागे घेताना ब्रेक मारला की आतली कळ याला एक दाता पुढे ढकलते. स्क्रू लांबतो, शू झिजले तरी ड्रमजवळ राहतात. डाव्याचे आटे उलटे, उजव्याचे सुलटे. अदलाबदल झाली तर प्रत्येक वेळी स्क्रू लांबण्याऐवजी आखडतो. गॅरेजातून निघताना ब्रेक उत्तम लागतो. मग जितक्या वेळा मागे याल, तितका ढिला.”

“आणि ही गाडी—”

“दिवसातून तीस-चाळीस वेळा मागे यायची.”

अधिकाऱ्याने वाकून तो स्क्रू पाहिला. मग म्हणाला, “पण बाई, अदलाबदल सासऱ्यांनीच केली असेल. म्हातारं माणूस. काम झाल्यावर काही खटकलं, पुन्हा उघडली असतील.”

“एका वेळी एकच चाक उघडणाऱ्याकडून ही चूक होऊच शकत नाही, साहेब. एक स्क्रू बाहेर असतो तेव्हा दुसरा आत बंद असतो. बदलणार कशाशी?” आणि हे बोलताना तिच्या डोळ्यांसमोर ते वर केलेलं एक बोट आलं. मामंजी सोळा दिवस हेच ओरडत होते.

“कोर्टात सवय चालत नाही,” अधिकारी म्हणाला. “दोन्ही चाकं एकदम कुणी उघडली, ते नाव आणा. परवा अकराच्या आत.”

३

लाँड्रीमालक वाफेने भरलेल्या खोलीत चादरी मोजत होता. त्याने सुनेला बसा असंही म्हटलं नाही.

“तुमच्यामुळे हॉस्पिटलचं काम माझ्या हातून जायची पाळी आली. एक दिवस गाडी गेली नाही तर केवढा आरडाओरडा!”

“माणूस गेलं हो आमचं.”

“त्याचं वाईट वाटतंच की. पण चादरींवर डाग पडले ते वेगळे.” तो खरंच हे बोलला, आणि पुन्हा मोजायला लागला.

तिने विचारलं, ब्रेक झाल्यावर गाडी कुठे उघडली होती का? मालक हसला. “इथे? इथे साधा जॅक नाही. चाक पंक्चर झालं तर तुमच्याच गॅरेजला फोन जातो. आणि गाडी एक दिवस उभी राहिली तर मला झोप येत नाही. मी कशाला उघडू देईन?”

हे खरं असावं. या माणसाने गाडीत वजन जास्त भरलं असतं, ब्रेक बदलायला महिनाभर टाळाटाळ केली असती. पण काम झाल्यावर पुन्हा चाक उघडून वेळ घालवला नसता.

दुसरा ड्रायव्हर बाहेर पायरीवर बसला होता. सतत काहीतरी गुणगुणत असे, म्हणून त्याचं नावच गुणगुण्या पडलं होतं. वन्संची हॉस्पिटलची फेरी आपल्याला मिळावी म्हणून तो वर्षभर मालकाच्या मागे लागला होता, आणि आता ती त्याला मिळाली होती.

“माझ्याकडे असं बघू नका वहिनी,” तो म्हणाला. “मला ती फेरी हवी होती, अशी नको होती.” गुणगुणणं थांबलं होतं. “ती गाडी मी फक्त रविवारी चालवायचो. गावाबाहेरच्या वसतिगृहाला, सरळ रस्ता, एकदाही मागे घ्यावी लागत नाही. सकाळी ब्रेक जसा, संध्याकाळी तसाच. तिला म्हणायचो, उगाच कुरकुरतेस. ती म्हणायची, सोमवार ते शनिवार चालवून बघ, पेडल रोज थोडं खाली जातं.”

“कुरकुर करत होत्या? कधीपासून?”

“शेवटचे दोन आठवडे.”

दोन आठवडे! वन्सं रोज संध्याकाळी घरी यायच्या. बापलेक ओट्यावर बसून दिवसभराच्या गाडीची चर्चा करायचे, आणि तेव्हा नवरा आत बसून टीव्हीचा आवाज वाढवायचा. मामंजींना पेडलबद्दल एक शब्दही कळला असता, तर त्यांनी जेवण टाकून ड्रम उघडला असता.

“मग वन्सं मामंजींना का बोलल्या नाहीत?”

“ते पैलवानबाईंना विचारा,” गुणगुण्या म्हणाला. “दिवसभर शेजारी त्या असायच्या.”

४

पैलवानबाई गाडीवर गठ्ठे उचलायची. एका खांद्यावर चाळीस किलो घेऊन जिना चढायची आणि वर शिट्टीही वाजवायची. त्या सकाळी भिंतीपासून व्हॅन तिनेच एकटीने पुढे ढकलली होती. आता ती दाराशी हातात हात धरून उभी होती.

“मी तिला म्हटलं होतं, अगं, मिस्त्रीकाकांना दाखव. तर म्हणाली, बाबांचं डोळ्याचं ऑपरेशन तोंडावर आहे, त्यांना ताण द्यायचा नाही असं ठरलंय. आणि उपाय सांगितलाय म्हणाली.”

“कसला उपाय?”

“मला ते विचित्रच वाटलं बाई. मागे घेताना ब्रेक मारायचाच नाही. गाडी सावकाश सोडायची आणि थांबवायची ती हँडब्रेक ओढून. पुढे जाताना हवा तितका ब्रेक मार, पण मागे येताना पाय लावू नकोस. मी हसले. म्हटलं, गाडीला कळतं होय, पुढे चाललीय का मागे?”

सून हसली नाही.

गाडीला कळत नाही. ब्रेकला कळतं, पण मागे येताना तो ढिला पडतो ते आतले स्क्रू उलटे बसले असतील तरच. हा उपाय सुचायला माणसाला दोन गोष्टी माहीत असायला हव्यात: ॲडजस्टर म्हणजे काय, आणि ते या गाडीत चुकीच्या चाकात आहेत. चाक न उघडता दुसरी गोष्ट फक्त एकाच माणसाला माहीत असणार. ज्याने ते बसवले त्याला. आणि उतारावर उलट्या येणाऱ्या गाडीत पाय आपसूक ब्रेकवर जातोच, हे त्याने धरलंच नव्हतं.

“हे त्यांना सांगितलं कुणी?” उत्तर माहीत असूनही तिने विचारलं. ते दुसऱ्याच्या तोंडून यायला हवं होतं.

“कुणी म्हणजे? गॅरेजातूनच. म्हणाली, दादाने केबल आवळून दिलीय आणि दादाच म्हणाला, असं कर.”

५

घरी येईपर्यंत तिला तो गुरुवारही आठवला. मामंजींचं काम झाल्यानंतरच्या आठवड्यातला. ती मामंजींना डोळे तपासायला घेऊन गेली होती. परत आली तेव्हा नवरा नळाखाली हात धूत होता, आणि गॅरेजच्या फरशीवर धुतलेल्या ड्रमांचे दोन ओले गोल वाळत होते. गाडीच्या रुंदीइतक्या अंतरावर. तिने बोळा फिरवून दोन्ही पुसले होते. डोळ्यांत थेंब घातल्यामुळे मामंजींना ते दिसले नव्हते, आणि तिला दिसूनही दिसले नव्हते.

नवरा गॅरेजात स्टुलावर बसला होता. तिने दार लोटून घेतलं.

“त्या गुरुवारी वन्संची गाडी आली होती,” ती म्हणाली. “कशाला?”

तो खोटं बोलणार होता. मग तिच्या हाताला लागलेली ब्रेकची काळी भुकटी त्याला दिसली.

“चीं चीं करत होती. नवे शू. जरा घासायचे होते.”

“आणि दोन्ही चाकं एकदम उघडलीत.”

“ती दारात उभी होती. ‘दादा, उशीर होतोय, दादा, आटप.’ अर्ध्या तासात मोकळी केली तिला. बाबांना तीन तास लागले असते.” त्यात अजूनही थोडा अभिमान होता.

“आणि पेडल खाली जातं म्हणून त्या परत आल्या तेव्हा?”

तो स्टुलावर पाठमोरा वळला.

“तेव्हा तुम्हाला कळलं, अहो. लगेच कळलं. नाहीतर मागे येताना ब्रेक मारू नकोस असं कुणी सांगतं? वीस मिनिटांचं काम होतं. उघडायचे, बदलायचे, झाकायचे.”

“केबल बाहेर रस्त्यावर आवळता आली. चाकं कुणासमोर उघडायची?” तो एकदम ओरडला. “ते समोर खुर्ची टाकून बसतात दिवसभर! चाळीस वर्षांचा घोडा झालो, गिऱ्हाइकांपुढे मला घाईसाहेब म्हणतात. ‘घाईसाहेब, डावं कुठलं, उजवं कुठलं?’ आणि ती बाजूला उभी राहून हसते. तिला उस्ताद म्हणतात! व्हॅन चालवणारीला उस्ताद! एवढं आयुष्यभर पुरलं असतं त्यांना.” मग आवाज खाली आला. “ऑपरेशनला ते दोन दिवस दवाखान्यात राहणार होते. तेव्हा गुपचूप करणार होतो. तीनच दिवस राहिले होते. तीन दिवस कळ काढली असती गाडीने तर काय बिघडलं असतं?”

“एकदा हसले असते,” ती म्हणाली. “एकदाच.”

“तुला नाही कळायचं.”

“नाही कळत. आणि नंतरचंही नाही कळत. सोळा दिवस तुम्ही त्यांच्या उशाशी बसून सांगताय, तुमच्या हाताने गेली. त्यांना ऐकू येतं. डॉक्टर तुमच्यासमोरच म्हणाले.”

नवऱ्याने स्टुलाच्या कडेवरची भुकटी बोटाने पुसली.

“माहीत आहे,” तो म्हणाला. “आयुष्यभर त्यांनी बोलायचं आणि मी ऐकायचं. सोळा दिवस उलटं झालं.”

तिने भिंतीला हात टेकला. अकरा वर्षं या माणसाच्या शेजारी ती झोपली होती.

“तू कुठे काही बोलणार नाहीस,” तो आता शांतपणे म्हणाला. “बोललीस तर मी आत जाईन. हे घर, गॅरेज, सगळं संपेल. आणि म्हाताऱ्याला काय मिळणार? परवाना? पाना धरणार कसा, एका हाताने?”

६

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला तिने मामंजींना भरवलं, तोंड पुसलं, उशी सारखी केली. गॅरेजची भिंत त्यांच्या खोलीला लागूनच होती. परवा आतलं बोलणं इकडे आलं होतं का, हे विचारायची तिची छाती झाली नव्हती. विचारायची गरजही नव्हती. परवापासून त्यांनी बोट वर केलेलं नव्हतं.

“मामंजी, मी निघते. अकराला बोलावलंय. तुमचा दोष नव्हता हे सांगून येते.”

तिला वाटलं होतं, त्यांचे डोळे भरून येतील. डोळे भरलेच, पण डावा हात एकदम पुढे आला आणि त्याने तिचं मनगट पकडलं. बरोबर तिथेच, जिथे वन्संच्या बोटांचा वळ उठला होता. आणि मामंजी मान हलवायला लागले. नाही. नाही. नाही. घशातून कसलासा आवाज येत होता, शब्दाचा आकार नसलेला. त्यांनी दाराकडे पाहिलं. दारात नवरा उभा होता, दाढी वाढलेला. तो पुढे आला नाही, मागेही गेला नाही.

मग तिला समजलं. मुलगी गेली होती. आता मुलगाही जाणार होता. सोळा दिवस ज्याने त्यांना रोज थोडं थोडं मारलं, तोच एक उरला होता त्यांना. हलगर्जी मिस्त्री म्हणून मरायला ते तयार होते.

“घाईसाहेबांना वाचवायचंय तुम्हाला,” ती हळूच म्हणाली.

त्यांनी मान डोलावली. हो.

ती पलंगाच्या कडेला बसली. पकड विलक्षण घट्ट होती. पन्नास वर्षं नट आवळलेला हात होता तो. तिने घड्याळाकडे पाहिलं. मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. वन्संनी शब्द मागितला होता तेव्हा तिने तो दोनदा दिला होता.

“एका वेळी एकच,” ती मामंजींना म्हणाली, जणू दोघं ड्रमपुढे बसले होते. तिने त्यांची करंगळी उचलली आणि अलगद बाजूला केली. मग तिच्या शेजारचं बोट. मग मधलं. मामंजी रडत होते, पण तिने घाई केली नाही. तर्जनी सगळ्यात शेवटी सुटली, आणि त्यानंतर अंगठ्यात काही जोर उरला नाही.

तिने तो हात पांघरुणाखाली नीट ठेवला. दारातल्या नवऱ्याने अंग चोरून वाट दिली. तिने चपला घातल्या, कडी हळू ओढली आणि रस्त्याला लागली.